कोण ओरडतं ते बघायचं

चहाचा कप माझ्यासमोर ठेवताना वहिनीच्या डाव्या हाताची करंगळी मधल्या पेरापासून बाहेर झुकलेली दिसली. पंधरा अंश असावेत. अठरा असतील, वीस नक्की नाहीत. सांध्याभोवती सूज होती, पण नखाला काही झालं नव्हतं, नखाखाली रक्त साकळलं नव्हतं. करंगळीच्या मुळाशी, तळहाताच्या कडेवर, अंगठा दाबून धरल्यावर उमटतो तसा एक लांबट जांभळा डाग होता. मी कपाचा कान धरला. "दारात सापडली," मी काही विचारलं नसताना वहिनी म्हणाली. समोर बसलेला दादा पावाला लोणी लावत होता. "हिचं लक्ष असतं कुठे!" तो हसून म्हणाला. "एक दिवस दार चौकटीसकट अंगावर घेईल. चिंगे, तू घे ना अजून एक." लोणी लावलेला पाव त्याने माझ्या ताटलीत ठेवला, कडा कापून, कारण मला कडा आवडत नाहीत हे त्याला मी चार वर्षांची होते तेव्हापासून ठाऊक आहे. दारात बोट सापडलं तर टोक चिरडतं, नख काळं पडतं. मधला सांधा बाजूला वाकवायला दार उपयोगाचं नाही; त्यासाठी हात एका मुठीत आणि बोट दुसऱ्या मुठीत धरावं लागतं. हे मला दुसरा घोट घेईपर्यंत कळलं होतं. मी तिसरा घेतला, चौथा घेतला, कप विसळून उपडा घातला आणि कामाला निघाले.

ऑफिस चालत अठरा मिनिटांवर आहे. शनिवार होता, रस्ता मोकळा होता, दुकानांची शटरं अर्धी वर करून माणसं आतून झाडत होती. गेले आठ महिने चालताना मला जे आठवतं तेच आठवत राहिलं. वहिनी गॅसपाशी पाठमोरी उभी होती आणि भांड्यात डाव फिरवत, मागे न बघता म्हणाली होती, "ताई, मी तक्रार द्यायला जाईन. माझी तयारी आहे. पण तिथे विचारतील, कोणी पाहिलंय का, कोणी ऐकलंय का. भिंतीपलीकडे तुम्ही असता. तुम्ही सांगाल?" घर माझ्या नावावर आहे. दोन वर्षांपूर्वी दादाचं काम सुटलं तेव्हा मीच दोघांना बोलावून घेतलं, मधली मोठी खोली दिली. भिंत विटेची आहे, पण अर्ध्या विटेची. आधी दादाचा खालच्या पट्टीतला आवाज येतो, एकसुरी, हिशोब समजावून सांगावा तसा. मग खुर्चीचा पाय सरकतो. मग ओलं फडकं दगडावर आपटल्यासारखा आवाज, कधी दोनदा, कधी सहादा. वहिनीचा आवाज येत नाही. कधीच आला नाही. मी पलंगावर ताठ बसून सेकंद मोजते, आणि खोटं कशाला बोलू, त्या वेळी मला दादापेक्षा तिचाच राग जास्त येतो. ओरडत का नाही ही? एकदा ओरडली तर मला उठावं लागेल. ती ओरडत नाही म्हणून मी बसून राहते, आणि मी बसून राहते याचा दोष मी तिच्या बंद तोंडावर टाकते. त्या दिवशी गॅसपाशी मी तिला म्हणाले, "बघते." बघते म्हणजे नाही, हे शेंबड्या पोरालाही कळतं. तिलाही कळलं. तिच्या हातातला डाव फिरायचा थांबला नाही, आणि नंतर तिने पुन्हा कधी विचारलं नाही.

आम्ही एका मोठ्या तपासणी प्रयोगशाळेची संगणकयंत्रणा सांभाळतो. आम्ही म्हणजे मी आणि एक सहकारी, ज्याला त्याच्या शर्टाच्या इस्त्रीवरून सगळे कडक म्हणतात. गेले सहा आठवडे आम्ही जुने चार सर्व्हर रिकामे करत होतो. प्रत्येक जुना सर्व्हर एकटा, स्वतंत्र. त्याच्या पोटात सात-आठ व्हर्च्युअल मशीन, म्हणजे स्वतःचं लोखंड नसलेले संगणक. एखादा जुना सर्व्हर जळाला तर त्याच्या पोटातले सगळे जळणार, आणि एका हाताच्या अंतरावरच्या दुसऱ्याला पत्ताही लागणार नाही. नवा क्लस्टर तीन सर्व्हरांचा आहे. ते तिघं दर सेकंदाला एकमेकांना विचारतात, आहेस का? एकाने उत्तर दिलं नाही तर उरलेले दोघं त्याची मशीन आपल्या अंगावर घेतात. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला यंत्रांचा हेवा वाटला होता. काम तसं सोपं: मशीन थांबवायचं, त्याची डिस्क नव्या जागी उतरवायची, तिकडे सुरू करायचं, तपासायचं. यादीत तीन रकाने होते, नाव, काम, मालक. तिसऱ्या रकान्यात एकोणतीस नावांपुढे माणसं होती. सात नंबरपुढे काहीच नव्हतं. ते ज्याने उभं केलं तो नोकरी सोडून गेला होता, त्याच्या नंतरचाही गेला होता. अशा बेवारशी मशीनसाठी आमच्या धंद्यात एक रीत आहे. ती कुठे लिहिलेली नाही, पण सगळीकडे पाळतात. मशीन बंद करायचं आणि कोण ओरडतं ते बघायचं. जो ओरडेल तो मालक. चौदा दिवस कोणीच ओरडलं नाही तर ते कोणाचंच नव्हतं, पुसून टाकायचं. सात नंबर मी बंद केलं त्याला त्या शनिवारी सोळा दिवस झाले होते. बंद करण्यापूर्वी मी त्याच्याकडची माहितीची ये-जा तासभर पाहिली होती. दर पाच मिनिटांनी बाहेरून चाळीस बाइट यायचे. सात नंबर ते घ्यायचं आणि गप्प राहायचं. बारा वेळा आले, बारा वेळा गप्प. कुठल्या केबलवरून येतात ते शोधायला आणखी एक तास लागला असता. मी वहीत लिहिलं, "४० बाइट, ५ मिनिटं, उत्तर नाही", आणि बटण दाबलं.

कडक माझ्या आधीच आला होता. सर्व्हरच्या खोलीत सतत वारं घोंघावतं, त्यामुळे तिथे बोलायचं म्हणजे ओरडायचंच. "मॅडम, सही!" तो कागद नाचवत ओरडला. "मेलेल्याला मारायला पण इथे सही लागते!" मी सही केली. तिसरा जुना सर्व्हर बंद केला. पंखे एकदम थांबत नाहीत. त्यांचा आवाज उतरत उतरत खाली येतो आणि शेवटी एक सुस्कारा सुटतो. आठ डिस्क ओढून काढल्या. रुग्णांची माहिती असलेल्या डिस्क नुसत्या पुसून चालत नाहीत, त्या फोडाव्या लागतात. शेजारच्या खोलीत लाकडी बाकाला शिकंजा लावलेला आहे. नियम असा की प्रत्येक डिस्कला ड्रिलने तीन भोकं, आरपार. हे काम कडकचं, पण त्या दिवशी मी म्हणाले, "आण इकडे." "शर्ट वाचला," तो म्हणाला. ड्रिलचं टोक आधी घसरतं, मग झाकणाला धरतं, किंचाळतं, मग आत एकदम काहीही न लागल्यासारखं होतं आणि लगेच पहिली तबकडी लागते. तो धक्का मनगटातून कोपरापर्यंत येतो. चांदीसारखे भुगे उडून माझ्या हातावर बसले, गरम होते, टोचले. तिसऱ्या डिस्कपासून मी दात आवळलेले होते. पाचव्या डिस्कवर शिकंज्यात मला डिस्क दिसत नव्हती. एक हात दिसत होता, उपडा, मनगटाशी रुंद, केसाळ, बोटांवर लोण्याचा तुकतुकीतपणा. मी ड्रिल सोडलं नाही. उलट जोर दिला. भोक पडलं, मी पुन्हा लावलं, पुन्हा लावलं, आणि इतकं बरं वाटत होतं की घशातून आवाज निघत होता. तो माझा आहे हे मला उशिरा कळलं. "मॅडम. मॅडम! सात भोकं झाली. बास, मेली ती," कडक म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर चेष्टा नव्हती. मी ड्रिल खाली ठेवलं तेव्हा बोटं उघडेनात, ती एकेक करून सोडवावी लागली.

तापलेल्या धातूचा वास बाबांच्या अंगाला यायचा. ते गिरणीत यंत्र दुरुस्त करायचे, आणि मारायला त्यांच्याकडे पंख्याचा पट्टा होता, रबरी, आतून दात असलेला. त्याचे वळ अखंड उठत नसत, तुटक उठत, नऊ नऊ मिलिमीटरवर. माझ्या कंपासपेटीतल्या पट्टीने मी दादाच्या पाठीवर ते मोजले होते. मी आठ वर्षांची होते, तो बारा. जिन्यावर बाबांची पावलं वाजली की आई आम्हाला म्हणायची, "हाताची घडी, तोंडावर बोट," शाळेत म्हणतात तसं, हसत हसत, जणू आता खेळ सुरू होणार. एकदा मी ओरडले. जोरात ओरडले, शेजारी दार वाजवायला आले, बाबांनी पट्टा मागे धरून दार उघडलं, हसले, "पोरगी पडली," म्हणाले. शेजारी गेले. मग त्यांनी कडी लावली आणि आईला जितके मारायचे राहिले होते ते आणि शेजाऱ्यांनी खाल्लेल्या वेळाचे, असे मिळून मारले. मध्ये दादा गेला, तर त्याचे वेगळे. त्यानंतर दर वेळी दादा मला कपाटामागच्या फटीत ढकलायचा, स्वतः पुढे उभा राहायचा आणि माझ्या तोंडावर हात दाबायचा. त्या हाताला खोडरबराचा वास होता. "ओरडू नको चिंगे," तो कानात सांगायचा. "ओरडलीस की लोक येतात. लोक गेले की तो लोकांचेसुद्धा मारतो." त्याच्या खांद्याआडून मला काही दिसत नसे. फक्त प्रत्येक फटक्याला त्याची छाती माझ्या कपाळावर आदळायची. माझ्या अंगावर आज एकही वण नाही. माझ्या वाटचे सगळे त्याच्या पाठीवर आहेत, अजून आहेत, तो आंघोळ करून उघडा बाहेर येतो तेव्हा मी मान वळवते. भिंतीपलीकडे खुर्चीचा पाय सरकतो तेव्हा मी त्या माणसाला कसं म्हणू, की थांब? त्या पाठीच्या हिशोबात माझं तोंड कायमचं बंद झालं आहे, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते.

साडेअकराला शीतघराच्या बाई वर आल्या. तळघरात सहा मोठे फ्रीजर आहेत, उणे ऐंशी अंशांचे. शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठींचे तुकडे त्यांत ठेवतात, पुढे कधी पुन्हा तपासावे लागले तर. तेरा वर्षं ते या बाई सांभाळतात. त्यांच्या हातात स्टीलचा ट्रे होता आणि ट्रेच्या कोपऱ्यातून गुलाबी पाणी थेंब थेंब गळत होतं. बाकावर, धातूच्या भुग्यांशेजारी, त्यांनी तो ठेवला. "मॅडम," त्या म्हणाल्या, "माझा भोंगा का नाही वाजला?" कडकने विचारलं, कुठला भोंगा. "कुठला म्हणजे? फ्रीजर तापला की वाजतो तो! मोबाइलवरही निरोप येतो. चार नंबरचा कॉम्प्रेसर जळलाय. आतलं सगळं कोमट झालंय. हात घाला, बघा. आठवडा तरी झाला असेल. मी रोज उघडून बघत नाही, भोंगा आहे म्हणून बघत नाही. मागे वाजला तो चौदा महिन्यांपूर्वी." मी ट्रेमध्ये हात घातला. नळ्या खोलीइतक्याच उबदार होत्या, पंचवीस-सव्वीस अंश. दर पाच मिनिटांनी चाळीस बाइट: सहा फ्रीजरांची सहा तापमानं आणि वेळ. मर्यादेत असतील तर बोलायचं नाही. मर्यादेबाहेर गेली तर ओरडायचं. एवढंच काम सात नंबरचं होतं. ज्याचं काम ओरडणं, त्याचंच तोंड मी बांधलं होतं, आणि मग सोळा दिवस कान देऊन बसले होते की कोण ओरडतं.

"किती आहेत आत?" मी विचारलं. "चारशे बारा." बाईंनी ओढणीने हात पुसला. "काही माणसं आहेत अजून, त्यांचे पुन्हा घेता येतील. जी गेली त्यांचे कुठून आणू? नातेवाईक येतात हो मॅडम, चार-चार वर्षांनी येतात, तेव्हा काय होतं ते सांगा म्हणून. मुलीला आता तसंच काही झालंय म्हणून." त्या रडत नव्हत्या. त्यांनी एकदम ट्रे उचलला आणि बाकावर आपटला, पुन्हा उचलला, पुन्हा आपटला, नळ्या फुटून फरशीवर विखुरल्या, आणि मग आपण काय केलं ते बघत त्या तशाच उभ्या राहिल्या. कडकने मला बाहेर ओढलं. "ऐका," तो म्हणाला, "आपण रीतीप्रमाणे केलंय. मालकाचा रकाना कोरा. चौदाच्या जागी सोळा दिवस थांबलो. कोणी ओरडलं नाही. आपल्याला कसं कळणार? एवढंच बोलायचं, जास्त नाही. झाकली मूठ." त्याने स्वतःच विभागप्रमुखांना फोन लावला आणि माझ्या हातात दिला. प्रमुख सुट्टीच्या दिवशी कुठेतरी गर्दीत होते. मी सगळं क्रमाने सांगितलं. त्यांनी मध्ये तोडलं नाही. मग विचारलं, "बंद करण्याआधी काहीच हालचाल दिसली नव्हती का? म्हणजे तुम्हाला कळायला काही मार्गच नव्हता, असंच ना?" समोर कडक जोरजोरात मान हलवत होता, नाही म्हणा, नाही म्हणा. मला माझ्या वहीतली ती ओळ दिसली, नीट अक्षरात, आकडे आणि एककं बरोबर. मी जन्मभर मोजलं आहे. वळांमधलं अंतर मोजलं, भिंतीपलीकडचे सेकंद मोजले, सकाळी अंश मोजले. मोजलं की काहीतरी केल्यासारखं वाटतं. "दिसली होती," मी म्हणाले. "मला दिसली होती, मी लिहूनही ठेवली होती. विचारलं नाही." "सोमवारी लेखी द्या," ते म्हणाले. कडकने कपाळावर हात मारला. "अहो, स्वतःच्या पायावर कुऱ्हाड म्हणतात ती हीच!" मी त्याला सांगितलं की सात नंबरची प्रत साठवणीत आहे, ती आज क्लस्टरवर उतरव, मालकाच्या रकान्यात शीतघराच्या बाईंचं नाव घाल, आणि उरलेले पाच फ्रीजर बाईंबरोबर जाऊन हाताने तपास. मग मी घरी निघाले. दुपारचे अडीच वाजले होते. त्या अठरा मिनिटांत मला रस्ता दिसला नाही.

दार दादानेच उघडलं. "एवढ्यात? आणि हे हाताला काय झालंय?" त्याने माझी मनगटं धरून उजेडाकडे वळवली. भुग्यांनी बारीक बारीक रक्त आलं होतं; मला ते तोवर दिसलं नव्हतं. त्याने मला खुर्चीत बसवलं, ओलं फडकं आणलं आणि एकेक कण हलक्या हाताने टिपायला लागला, श्वास रोखून, जीभ दातांत धरून, लहानपणी माझ्या पायातला काटा काढायचा तसा. "कोणी काही बोललं का तुला? चेहरा बघ कसा झालाय. नाव सांग फक्त. दात घशात घालतो एकेकाचे." मी म्हणाले, कोणी बोललं नाही. "मग रडतेस कशाला वेडे?" मला माहीत नव्हतं मी रडते आहे. आत वहिनीच्या हातून झाकण पडलं. स्टीलचं होतं, पडलं, गोल गोल फिरलं, फिरत राहिलं. दादाने फडकं माझ्या मांडीवर ठेवलं. "एक मिनिट हं चिंगे," तो म्हणाला, अगदी सौम्यपणे, आणि आत गेला. झाकणाचा आवाज थांबला. खालच्या पट्टीतला आवाज सुरू झाला. मी भिंतीपलीकडे नव्हते. मध्ये दार होतं आणि ते उघडं होतं. मी मोजायला लागले, एक, दोन, आणि तीनच्या आधी उठले.

त्याने तिचे केस मुठीत गुंडाळले होते आणि तिचं डोकं फडताळाच्या कडेवर धरलं होतं. घाई नव्हती. दुसऱ्या हाताने तो खाली पडलेलं झाकण दाखवत होता आणि समजावत होता, की घरात माणूस थकून आलं आहे, तिला त्रास होतो, एवढी साधी गोष्ट तुला किती वेळा सांगायची. आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी तो डोकं कडेवर आपटत होता, पूर्णविराम दिल्यासारखं. कडेला रक्त लागलं होतं. वहिनीचे ओठ घट्ट मिटलेले होते, डोळे उघडे होते, आणि ते माझ्यावर होते. त्या डोळ्यांत विनंती नव्हती. मी काय करेन हे त्यांना माहीत होतं: मी आत जाईन, दार लोटेन. दादाने मागे वळून पाहिलं. केस सोडले नाहीत. "काही नाही गं," तो हसला, "तू बस जा बाहेर. मी आलोच." तो हसला तेव्हा बारा वर्षांचा दिसला, आणि माझ्या सगळ्या अंगाने, मणक्यापासून गुडघ्यांपर्यंत, मागे जाण्यासाठी वळायला सुरुवात केली. मी चौकट धरली. नखं लाकडात रुतली. तोंड उघडलं तर आधी आवाज आलाच नाही, नुसती हवा आली, कोरडी, आणि दादाच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी थांबलं, कारण माझं तोंड असं उघडलेलं त्याने पस्तीस वर्षांत पाहिलं नव्हतं. त्याने केस सोडले आणि तो माझ्याकडे एक पाऊल आला, तळहात पुढे करून, माझ्या तोंडाच्या उंचीवर. तो मारायला आला होता की गप्प करायला, हे मला तेव्हा कळलं नाही, आजही कळत नाही. मी त्याचं मनगट दोन्ही हातांनी धरलं आणि नखं आत जाईपर्यंत आवळलं.

"दादा," मी म्हणाले, आणि आवाज इतका मोठा निघाला की वरच्या मजल्यावर चालणारी पावलं थांबली, "तू आत्ताच्या आत्ता माझ्या घरातून निघायचंस. वहिनी तक्रार द्यायला चालली आहे, आणि मी तिच्याबरोबर चालले आहे. दोन वर्षं मी सगळं ऐकलंय, आज पाहिलंय. तुझ्याविरुद्ध साक्ष मी देणार आहे."